रविवारी न वाजणारं गाणं

कुणाच्याही घरी गेले की ग्रेडरकाका आधी उशी शोधत. सापडली की शिवणीतून दोन बोटांनी कापसाची चिमूट ओढत, दोन्ही अंगठ्यांत धरून हलकेच ताणत, तुटलेली टोकं जुळवून पुन्हा ताणत, आणि मग शर्टाच्या खिशातून काळ्या मखमलीचा तळहाताएवढा तुकडा काढून त्यावर ते तंतू एकाशेजारी एक निजवत. घरच्या बाई चहा घेऊन बाहेर येईपर्यंत निकाल लागलेला असे. "कवडी हाये," ते सांगत. "कोनं भरून देल्ली?" कवडी म्हणजे किडका, पिवळा पडलेला, कोणी घेऊ नये असा कापूस. माझ्या लग्नात सासऱ्यांनी दिलेली गादीही त्यांनी मांडवातच कवडी ठरवली होती. सासरे ते अजून विसरलेले नाहीत, आणि खरं सांगायचं तर त्या गादीवर झोपणारा मीही विसरलेलो नाही.

नोकरीभर ते सरकारी कापूस खरेदीत ग्रेडर होते. म्हणजे शेतकऱ्याच्या गाडीत हात घालून माल कोणत्या प्रतीचा ते सांगणं, हे त्यांचं काम; धागा जितका लांब, तितकी प्रत वरची. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी हात निवृत्त झाला नव्हता. चहा, डॉक्टर, जावई, मंत्र्याचं भाषण, एसटीचा ड्रायव्हर, सगळ्यांची प्रत लावल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. प्रती तीन होत्या: सुपर, मध्यम आणि कवडी. पैकी 'सुपर' मी त्यांच्या तोंडून एकदाच ऐकलं, तेही मोर्शीच्या रस्त्यावर पंक्चर काढणाऱ्या एका माणसाबद्दल. आम्ही त्यांना ग्रेडरकाका म्हणायचो. त्यांचं नाव इथं लिहीत नाही, कारण छापलेल्या गोष्टींवर त्यांचा विश्वास नव्हता. रोजचं वर्तमानपत्र ते आधी चुरगाळून पाहत आणि मग वाचत.

त्यांचा आणि आमचा संबंध आला तो आवाजामुळे. आम्ही तिघं. प्रज्ञा गाणी लिहिते, गाते आणि गिटार वाजवते. ती अकोल्याच्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते, म्हणजे दर जूनमध्ये तिला कळतं की यंदा ती प्राध्यापक आहे की नाही. गजू ड्रम वाजवतो. तो मूळचा मोर्शीचा, बडनेऱ्याला रेल्वेत नोकरीला. मी बेस गिटार वाजवतो आणि पोटासाठी अमरावतीतल्या एका ग्रंथालयात असतो, जिथे माझं मुख्य काम लोकांना गप्प बसवणं हे आहे. बँडचं नाव 'फाटक बंद'. ते गजूनं ठेवलं आणि त्यावर चर्चा होऊ दिली नाही.

आमचं संगीत वेगळ्या वळणाचं रॉक आहे असं प्रज्ञा म्हणते. शेजारी वेगळं म्हणायचे. एका वर्षात तीन खोल्या सोडाव्या लागल्या. चौथी जागा शोधताना कोणीतरी बडनेरा रोडवरच्या बंद पडलेल्या जिनिंगचं नाव सांगितलं. जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना. मालक नागपूरला राहायला गेलेले, किल्ली काकांकडे. आम्ही घाबरत घाबरत सांगितलं की आवाज फार होईल.

"आवाज?" काका म्हणाले. "या शेडात चाळीस वर्सं जिनच्या मशिनी चालल्या. तुमी तिघं काय त्याच्याहून जास्त कराल?"

त्यांची अट एकच होती, की तालमीला ते बसणार. आम्हाला वाटलं, दोन दिवस बसतील. ते अडीच वर्षं बसले. भिंतीला टेकवलेली लोखंडी खुर्ची, पायाशी पाण्याची बाटली, डोळे मिटलेले आणि हातांची बोटं अशी चाललेली, जणू गाण्यातला एखादा तंतू ते ताणून पाहताहेत. मध्येच हात वर करत. मग थांबायचं.

"दुसऱ्या कडव्यात कचरा हाये."

"कसला कचरा, काका?" मी विचारायचो.

"ते तुमी पाहा. मी ग्रेडर हावो, मजूर नाई."

गजूच्या एका लांबलचक ड्रमच्या तुकड्याला त्यांनी 'सरकी' म्हटलं. गजू आठवडाभर रुसला होता. त्याला समजावताना काका म्हणाले, "सरकी वाईट नसते बे. तिचं तेल निघते, ढोराले खायाले ढेप निघते. पन ते धाग्यात नको." तुकडा निघाला. पुढं त्याचं वेगळं गाणं झालं आणि ते वाईटही नव्हतं. मी समीक्षेची बरीच पुस्तकं वाचली आहेत, त्यांतली काही चाळीस जणांना गप्प बसवून वाचली आहेत. इतकी उपयोगी टीका मला त्यांत आढळलेली नाही.

पण त्यांचं कौतुक करताना जरा जपून केलं पाहिजे. प्रामाणिक माणसाचा त्रास त्याला स्वतःला कमी आणि आजूबाजूच्यांना जास्त होतो, हे मला काकूंकडून कळलं. काकांचे थोरले भाऊ दर्यापूरकडे शेती करत. एका हंगामात त्यांची कापसाची गाडी नेमकी काकांची ड्यूटी असलेल्या केंद्रावर आली. काकांनी गाडीत खांद्यापर्यंत हात घातला, तळातला कापूस मूठभर वर काढला आणि गालाला लावला. "हाताले खोटं समजत नाई, गालाले समजते," असं ते नेहमी सांगत. कापूस ओला होता. वजन वाढावं म्हणून वाहतुकीआधी मालावर पाणी शिंपडायची खोड बऱ्याच जणांना असते, त्याला पाणी मारणं म्हणतात. काकांनी सख्ख्या भावाची गाडी बाजूला लावली आणि माल ताडपत्रीवर पसरून वाळवायला सांगितला. चार दिवस भाऊ त्या आवारात गाडीखाली झोपले. नंतर कितीतरी वर्षं ते काकांशी बोलले नाहीत.

"मंग वाळल्यावर त्याचा माल मध्यम गेला ना!" काका यावर म्हणत. "पानी मारलेला असता तर कवडीत गेला असता. मी त्याचं भलंच केलं."

"भलं केलं!" काकू आतून ओरडायच्या. "माह्या पोरीच्या लग्नाले आला का तो?"

 काका खिशातली मखमल काढून झटकत.

'कूलर' हे गाणं प्रज्ञानं लिहिलं तेव्हा ते जलद चालीत होतं. वऱ्हाडात मे महिन्याच्या दुपारी घरोघरी कूलरचा घोंघाट चालतो आणि एका खोलीत बसलेल्या माणसांना एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही. गाण्यातली बाई हीच संधी साधून नवऱ्याला सगळं खरं सांगते. 'कूलर चालू हाये म्हून सांगून राहिली, तुले आयकू येत नाई म्हून सांगून राहिली.' एवढंच धृपद. बाकीच्या कडव्यांत ती काय सांगते ते ज्यांनी ऐकलंय त्यांना माहीत आहे.

गाणं लिहिलं त्याच वर्षी पुण्याच्या एका मोठ्या संगीत महोत्सवाच्या आयोजकांनी तिची गाणी ऐकून फोन केला होता. फार गोड बोलले. भाषा थोडी प्रमाण केलीत तर जास्त लोकांपर्यंत पोचेल, 'सांगून राहिली'ऐवजी 'सांगते आहे' चालेल का, असं विचारलं. प्रज्ञानं नाही म्हटलं.  तेव्हापासून तिच्या मनात एकच होतं: हेच गाणं, ह्याच शब्दांत, त्याच मंचावर म्हणायचं.

गाण्याची चाल बदलली ती अकोल्यात. अकोल्याचे लोक आपल्या तापमानाबद्दल अशा सुरात बोलतात, जशा सुरात इतर गावचे लोक आपल्या किल्ल्याबद्दल बोलतात. एप्रिलच्या एका संध्याकाळी तिथल्या एका हॉलमध्ये आमचा कार्यक्रम होता. दोन्ही बाजूंना दोन प्रचंड कूलर. आवाजाचा त्रास नको म्हणून आयोजकांनी ते बंद केले, तसा सगळा हॉल कण्हला. तीन गाण्यांत पोरंपोरी वहीच्या पुठ्ठ्यांनी वारा घेऊ लागली. पहिल्या रांगेतून काका उठले, भिंतीपाशी गेले आणि दोन्ही कूलरांची बटणं दाबून आले.

"काका, गाणं ऐकू नाई येनार ना!" आयोजक धावत आला.

"गाणं कायचं हाये?"

"कूलरचं."

"मंग?"

प्रज्ञा हसली. तिनं गिटारची खालची तार हळूहळू उतरवत कूलरच्या घरघरीला लावली आणि गाणं निम्म्या वेगानं सुरू केलं. गजू गोंधळला, मग सावरला. घरघरीतून तिचा आवाज वर येत होता, बुडत होता, पुन्हा वर येत होता. ऐकणाऱ्यांना पुढं वाकून बसावं लागलं. गाणं संपल्यावर लगेच टाळ्या आल्या नाहीत. आधी कोणीतरी मागून ओरडलं, "पुन्हा!"

परतताना गाडीत मी काकांना प्रत विचारली. ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "धागा लांब हाये." बस.

मग ते तसंच रेकॉर्ड करायचं ठरलं. शेडमध्ये, खऱ्या कूलरसकट. योग्य घरघरीचा कूलर शोधायला आम्ही अर्धं अमरावती पालथं घातलं आणि शेवटी तो काकांच्याच घरी सापडला. ऐन मे महिन्यात तीन दिवस तो जिनिंगमध्ये होता. काकूंनी त्या तीन दिवसांबद्दल मला नंतर ऐकवलं, "तुमचं गाणं थंडं झालं असन, मी भाजून निंगाली."

पुढं मिक्सिंग, पुन्हा मिक्सिंग, प्रज्ञाचं असमाधान, आमचं दारिद्र्य, यांत वर्ष गेलं. गाणं बाहेर आलं ते पुढच्या मार्चमध्ये. ज्या ॲपवर आम्ही ते टाकलं तिथं दर शुक्रवारी मराठीतल्या स्वतंत्र बँडच्या आणि गायकांच्या पन्नास गाण्यांची यादी लागते. सर्वांत जास्त वाजलेलं गाणं वर, अशी साधी रीत. पुण्याच्या त्या महोत्सवानं यंदा जाहीर केलं होतं की मार्चच्या शेवटच्या शुक्रवारी पहिल्या दहांत असतील त्यांना मंच मिळेल, निवड समिती वगैरे काही नाही. म्हणजे भाषेबद्दल फोन येण्याचा प्रश्नच नव्हता. प्रज्ञानं ती जाहिरात मला दोनदा वाचून दाखवली.

पहिल्या शुक्रवारी आम्ही यादीत नव्हतो. दुसऱ्या शुक्रवारी अकरावे होतो. तिसऱ्या शुक्रवारी सातवे.

सातवा नंबर आल्यावर काय होतं ते मला तोवर माहीत नव्हतं. आपण पूर्वी कधी न पाहिलेले चुलतभाऊ फोन करतात. ग्रंथालयात वरिष्ठांनी मला पहिल्यांदा नावानं हाक मारली. आमच्या भागातल्या एका भाऊंनी, जे पुढच्या निवडणुकीला उभे राहण्याच्या तयारीत होते आणि त्यामुळे कोणाच्याही यशाला उभे राहत, आमचा जाहीर सत्कार ठरवला. प्रज्ञानं अकोल्याहून फोन करून विचारलं, "पुण्यात कूलर भेटते ना? का आपलाच न्यायचा?"

त्या शनिवारी तालमीला गजूनं काकांना फोनवर सगळं दाखवलं. ॲपवाले बँडला एक पान देतात. त्यावर गाणं कोणत्या गावात आणि कोणत्या वेळी वाजलं त्याच्या रेघा असतात. काकांनी चष्मा बदलला आणि फोन डोळ्यांजवळ नेला.

"हे वरतं कोनतं गाव हाये?"

"मोर्शी," गजू अभिमानानं म्हणाला. "माहं गाव! सगळ्यात जास्त तिथंच वाजून राहिलं."

"मोर्शीत मी बारा हंगाम काढले," काका म्हणाले. रेघेवरून त्यांनी बोट फिरवलं. "हे सकाळी दहाले सुरू होते. दोन ते तीन बंद. सहाले पुरं बंद. आन हे खड्डे कायचे?"

"ते रविवार हायेत."

"रविवारी एक बी मानूस आयकत नाई?" त्यांनी फोन गजूच्या हातात दिला. "गाणं लोक सुट्टीच्या दिवशी आयकतेत बाबू. हे गाणं तर नोकरी करून राहिलं."

इथं एक गोष्ट कबूल केली पाहिजे. ते रविवारचे खड्डे मी आदल्या दिवशीच पाहिले होते. ग्रंथालयात काम करणाऱ्याला कामकाजाची वेळ आणि साप्ताहिक सुट्टी लगेच ओळखू येते. पण सातव्या नंबरावर बसलेला माणूस फार समजूतदार होतो. मी स्वतःला सांगितलं की मोर्शीचे लोक रविवारी शेतात जात असतील.

सोमवारी काका मला घेऊन एसटीनं मोर्शीला गेले. गजूला सांगितलं नाही. कुठं जायचं याची त्यांना शंकाच नव्हती. गजूच्या मामांचा तिथं कॉम्प्युटर क्लास आहे, सकाळी दहा ते सहा, जेवणाची सुट्टी दोन ते तीन. आम्ही आत शिरलो. तीसेक कॉम्प्युटरांवर पोरंपोरी टायपिंग शिकत होती, आणि प्रत्येक पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटी चौकट उघडी होती. तीत आमच्या गाण्याचं चित्र होतं आणि खाली एक रेघ पुढं सरकत होती. संपली की पुन्हा पहिल्यापासून.

मामांनी आम्हाला खुर्च्या दिल्या, उसाचा रस मागवला. चेहरा नुसता उजळला होता. "गजूले सांगू नका बरं, मी त्याले काईच सांगतलं नाई. भाच्यासाठी एवढं तं करावंच लागते. पयल्या दिवसापासून चालू हाये पाहा, एक बी मशीन बंद ठेवलं नाई!"

काका उठून एका मुलीच्या मागं उभे राहिले. "बाई, गाणं कसं हाये?"

मुलीनं मान वळवून पाहिलं. "माहीत नाई ना सर. आवाज बंद हाये."

  येताना एसटीतही मामांचा राग येत नव्हता, हे सगळ्यात अवघड होतं. त्या माणसानं प्रेमानं पाणी मारलं होतं.

शेवटच्या शुक्रवारला चार दिवस होते. काकांच्या सांगण्यावरून मी प्रज्ञाला अकोल्याहून बोलावून घेतलं आणि शेडमध्ये काकांनीच तिला आणि गजूला सांगितलं. गजू खाली बसला. प्रज्ञा उभीच राहिली.

"मंग?" ती म्हणाली. "त्या यादीतले बाकीचे सगळे काय धुतल्या तांदळाचे हायेत का?"

"नसतीन."

"मंग चार दिवस गप्प बसा ना काका. शुक्रवार होऊ द्या. मंग मामांचे मशीन तुमी सोता जाऊन बंद करा."

"मी कुठं म्हनतो बंद कर? मी ग्रेडर हावो. माल ओला हाये, एवढंच सांगतलं."

"एवढंच सांगतलं! तुमाले काय जाते हो? पुण्याले मले जायाचं हाये. दोन वर्सं झाले, मी त्या मंचाकडं पाहून राहिली. तुमाले भावाची गाडी अडवाची सवय हाये, तशी माही अडवून राहिले तुमी."

हे बोलल्यावर तिलाच कसंतरी झालं. काकांनी खुर्ची पुढं ओढली.

"भावाची गाडी अडवली तई त्याचा माल कसा हाये ते मले ठाऊक नवतं," ते म्हणाले. "तुहा ठाऊक हाये. अडीच वर्सं मी इथं उगाच नाई बसलो. पन पोरी, तू पुण्याले जाशीन, गाशीन, लोक टाळ्या बी वाजवतीन. मंग पुढचं गाणं करशीन आन ते यादीत येईन. तई तुले कसं समजन, मानसं आयकून राहिले का मोर्शीचे मशीन? तुह्या हातालेच समजनं बंद होईन. माह्या पाह्यण्यात लय झालं असं. मानूस पानी मारत मारत सोताचा माल ओळखनं इसरते."

प्रज्ञा गिटार न घेताच निघून गेली.

दोन दिवस तिचा फोन लागला नाही. बुधवारी संध्याकाळी गजूला मामांचा फोन आला. मामा दुखावले होते. प्रज्ञानं त्यांना फोन करून, त्यांचे आभार मानून, सगळी मशीनं बंद करायला सांगितली होती. "तुमच्या भल्याचं केलं तं आमीच वाईट!" मामा म्हणत होते. मोर्शी आणि काकांच्या भावाचं दर्यापूर यांच्यात मला त्या क्षणी काही अंतर दिसलं नाही. ॲपवाल्यांना आणि महोत्सवाला तिनं खरं काय ते कळवलंही होतं, मोर्शीचं वाजणं वजा करा म्हणून. ॲपवाल्यांनी खरंच वजा केलं. महोत्सवाचं दोन ओळींचं उत्तर आलं, की आपल्या प्रामाणिकपणाचा आदर वाटतो, नियमानुसार यंदा शक्य होणार नाही.

शुक्रवारी यादी लागली. आम्ही पन्नासांत नव्हतो.

शनिवारी सत्कार होता. मंचावर अकरा खुर्च्या, त्यांतल्या तीन आमच्या. भाऊंनी भाषणात आम्हाला वऱ्हाडचा मानबिंदू म्हटलं आणि सातवा नंबर नऊ वेळा उच्चारला. मग दोन शब्द बोलायला प्रज्ञा उठली. तिनं माईक खाली करून घेतला आणि सरळ सांगितलं, की ते वाजणं खरं नव्हतं, आम्ही आता सातव्या नंबरावर नाही, कोणत्याच नंबरावर नाही.

 मग भाऊंनी माईक घेतला. "पाहा!" ते गहिवरून म्हणाले. "याले म्हनतेत नम्रता! येवढं यश मिळून बी आमची लेक म्हनते, मी कुठंच नाई!" टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. आम्हाला शाली आणि नारळ मिळाले. खऱ्या बोलण्यानं समारंभ मोडतो असं मी अनेक पुस्तकांत वाचलं होतं. त्या लेखकांनी आमचे भाऊ पाहिले नव्हते. काका मागच्या रांगेत बसले होते. बाहेर पडल्यावर त्यांनी माझ्या शालीची कड दोन बोटांत धरली, आणि मी त्यांना काही बोलू दिलं नाही.

मग एप्रिल लागला. लोकांनी गच्चीवरून कूलर खाली उतरवले, जाळ्या धुतल्या, नवं गवत भरलं. अकोल्याच्या एका वसतिगृहातल्या मुलींनी स्वतःच्या खोलीतल्या कूलरसमोर उभं राहून ते गाणं म्हटलं आणि त्याचा छोटा व्हिडिओ टाकला. मग यवतमाळच्या कोणीतरी. आमच्या पानावरच्या रेघा आता वेड्यावाकड्या दिसू लागल्या. दुपारी उंच, रविवारी सगळ्यात उंच. प्रज्ञा शनिवारी तालमीला येई, पण काकांशी कामापुरतं बोले. यादीबद्दल कोणीच काही विचारत नसे.

एप्रिलच्या शेवटच्या शुक्रवारी गजूनं सवयीनं यादी उघडली आणि तळापासून तिसऱ्या ओळीवर थांबला. 'कूलर'. अठ्ठेचाळीस. वर चढायला त्याच्यापुढं अजून सगळा मे पडला होता आणि पुढं ते एकोणिसाव्यापर्यंत गेलंही, पण ते नंतर. मी काकांना फोन केला. त्यांनी तीनदा विचारलं, "रविवार पाह्यला? रविवार कसा हाये?" मग फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी प्रज्ञा बडनेऱ्याला गाडीतून उतरली, तिला घेऊन मी आणि गजू शेडकडे येत होतो. वाटेतल्या नाक्यावर काका उभे होते. समोर विजेच्या दोन खांबांच्या मध्ये नवाकोरा फ्लेक्स लागलेला होता. आमच्या गावात वाढदिवस, नेमणूक, नेत्याची परदेशवारी, सगळ्याचे फ्लेक्स लागतात. यावर नेता नव्हता, हात जोडलेलं कोणीच नव्हतं. मधोमध काकांच्या घरच्या कूलरचा फोटो होता, आणि वर मोठ्या लाल अक्षरांत: 'कूलर' या गाण्याला अठ्ठेचाळिसावा क्रमांक मिळाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.

"छापणाऱ्यानं कटकट केली," काका म्हणाले. "म्हने, काका, अठ्ठेचाळिसाव्याचा फ्लेक्स कोनी लावते का? मी म्हटलं, तू छाप. कोनाचा फोटो टाकू म्हने. म्हटलं, ज्याचं गाणं हाये त्याचा टाक."

प्रज्ञा फ्लेक्सकडे पाहत राहिली. हसावं की रडावं हे तिला ठरवता येत नव्हतं. आम्ही पलीकडच्या टपरीवर चहा सांगितला.

फ्लेक्सखाली दोन ऑटो उभे होते. एकातला ड्रायव्हर मान वर करून अक्षर अक्षर लावत वाचत होता. "अठ्ठेचाळिसावा... काय बे हे? येड लागलं का कोनाले?"

"पयल्या नंबरचे रोज पाह्यतो आपुन," दुसरा म्हणाला. "अठ्ठेचाळिसाव्याले कोनी फ्लेक्स लावून राहिलं, म्हंजे काईतरी असन. लाव बरं."

पहिल्यानं फोन काढला. बराच वेळ शोधलं. मग डॅशबोर्डवर ठेवून आवाज पूर्ण वाढवला. कूलरची घरघर रस्त्यावर आली, आणि तिच्यातून प्रज्ञाचा आवाज.  पहिलं कडवं गेलं. प्रज्ञाच्या हातातला चहाचा ग्लास तसाच राहिला. काका डोळे मिटून उभे होते, त्यांची बोटं चाललेली.

दुसऱ्या कडव्याच्या मध्यात एक बाई दोन पिशव्या घेऊन ऑटोपाशी आल्या. "राजकमल चौकात येता का हो भाऊ?"

"येतो ना," ड्रायव्हर म्हणाला, पण त्यानं ऑटो चालू केला नाही. "बसा मावशी. जरासं थांबा. गाणं होऊ द्या."

बाई आत बसल्या नाहीत. त्यांनी पिशव्या खाली ठेवल्या, पदर डोक्यावर घेतला आणि उन्हातच, फोनकडे थोडं वाकून, उभ्या राहिल्या.